दोन वाजता दिसलेली होडी

मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे, मित्रांनो. नागपुरात, नंदनवनमधल्या एका घरात, टीव्हीशेजारच्या फळीवर राहते. इथून समुद्र फार दूर. पण माझं अर्धं आयुष्य कोकणातल्या एका दीपगृहाच्या सज्जात, खाऱ्या वाऱ्यात गेलं.

रुपराव तिथे रखवालदार म्हणून आले तेव्हा ऐन पंचविशीत होते. नागपूरजवळच्या कुहीकडच्या, धान पिकवणाऱ्या घरातले. समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. मला पहिल्यांदा डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "अरे बापा, एवढं पाणी! बांध कुठं हाये याले?"

माझी काच ते धोतराच्या मऊ फडक्याने पुसत. माझ्यातून जहाजं न्याहाळत, वहीत वेळ टिपत. तपासणीला येणारे साहेब त्यांच्या वहीची वाखाणणी करत.

कार्तिकात एकदा अवकाळी वादळ झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता रुपरावांना दूरवर काहीतरी लाल हलताना दिसलं. जाळ्याचं निशाण असेल, असं समजून ते जेवायला बसले. पाऊण तासाने पुन्हा पाहिलं, तर उलटलेली होडी, आणि तिला बिलगलेली माणसं! रुपराव अनवाणीच टेकडी उतरून कोळीवाड्यात धावले. कोळ्यांनी होड्या लोटल्या. तिघं वाचले. चौथा मात्र हाती लागला नाही.

त्या संध्याकाळी रुपरावांनी वहीत लिहिलं, 'पावणेतीन वाजता होडी दिसली. ताबडतोब कळवले. तिघे वाचले, चौथा सापडला नाही.'

खरी वेळ मला ठाऊक होती. पण मला कोण विचारणार?

पुढे नवी यंत्रं आली, मी बाद झाले. रुपराव निवृत्त झाले तेव्हा आठवण म्हणून मला त्यांच्या हाती दिलं. नागपुरात आल्यावर मात्र त्यांनी मला एकदाही डोळ्याला लावलं नाही. पाहुणे कौतुकाने मला उचलत, तेव्हा ते उठून आत जात.

यंदा त्यांच्या नातीने, गार्गीने, दीपगृहांवर प्रदर्शन मांडायचं ठरवलं. ती शाळेत इतिहास शिकवते. वहीच्या त्या पानाचा फोटो तिने मिळवला होता. तयार केलेला फलक तिने हौसेने वाचून दाखवला, "होडी दिसताच रुपरावांनी क्षणही दवडला नाही..."

"हे खोडून टाक वं," रुपराव म्हणाले.

"काहून, आबाजी?"

"मले दोन वाजताच दिसलं होतं. मी जेवत बसलो. नोकरी जाईन म्हणून वहीत खोटं लिहिलं."

गार्गीने फलक खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तो चौथा कोण होता?"

"दामा. वहीत नाव नाही त्याचं. पण मी इसरलो नाही."

गार्गीने नवा फलक लिहिला. त्यावर दोन वाजताची वेळ होती आणि दामाचं नाव होतं. प्रदर्शनात रुपराव माझ्याशेजारी उभे राहिले आणि सगळं स्वतः सांगू लागले. सातवीतल्या वेदिकाने विचारलं, "आबाजी, तुम्ही नसतं सांगितलं तर कोणाले समजलं असतं?"

"कोणालेच नाही, बाई," ते म्हणाले. "पण मी आज हावो, उद्या नाही. ते वही माझ्यापेक्षा जास्त जगन."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, घासूनपुसून लखलखीत ठेवा. पण ज्यांनी त्या वापरल्या, त्या माणसांजवळही बसा. त्यांना बोलायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांना द्या.