माझ्या पोटातला शनिवार

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात सात गवळणी आणि एक शनिवार आहे. शनिवार तिथे कसा गेला ते सांगते.

गंगाखेडच्या एका दुकानात माझ्यात गवळणी भरल्या. तिथून बोरीच्या येडबांनी मला घरी आणलं. ते मेंढ्या राखतात. पहिल्याच दिवशी त्यांनी टेपचं भलतंच बटण दाबलं आणि चौथ्या गवळणीवर त्यांचाच आवाज चढला. “भिवरा, रुसू नको. पुढच्या शनिवारी तुला पोखर्णीच्या नरसिंहाला नेतो. नेतो म्हंजे नेतो!” मागे एक मेंढी ओरडली. मग गवळण पुन्हा सुरू.

याला तीस वर्षं झाली. भिवराबाई म्हणजे येडबांची बायको. त्या मला रोज लावतात. रोज मी पुढचा शनिवार सांगते. तो आला की गेला, मला कुणी कळवत नाही. गावातल्या बायका गवळणी माझ्याकडूनच शिकल्या. लग्नात चौथी गवळण आली की मध्येच येडबांचं वाक्य सगळ्या चालीत म्हणतात. मेंढीसकट.

यंदा परभणीहून नात आली, प्रियांका. तिने गवळणी मोबाइलवर घेतल्या आणि मधला आवाज काढून टाकला.

“लय झ्याक!” येडबा म्हणाले. “आता ही जुनी फेका.”

“गाणं गोड हाय गं,” भिवराबाई नातीला म्हणाल्या. “पण तुझ्या आज्याचा शब्द कुठाय? मला नरसिंहाला जायचंय अजून.”

दुसऱ्या दिवशी त्या दळणाला गेल्या. येडबांनी मला टेपमध्ये घातलं. त्यांना ते वाक्य पुसायचं होतं. माझी फीत गार पडली. पण पुसायची जागा सापडायला आधी ऐकावं लागतं. त्यांनी ऐकलं. मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. असं अकरा वेळा.

भिवराबाई दारात येऊन उभ्या. “काय करायलाव?”

“आवाज बघ की माझा. कसा खणखणीत व्हता!”

“व्हता. खोटा व्हता, पण खणखणीत व्हता.”

येडबांनी टेप बंद केला. मग म्हणाले, “परवा शनिवार हाय. मेंढरं प्रियांका बघंल.”

शनिवारी दोघं एसटीने पोखर्णीला जाऊन आले. आल्या आल्या भिवराबाईंनी मला लावलं. मी नेहमीचंच बोलले.

“आयकलं का?” त्या म्हणाल्या. “पुढच्या शनिवारी जायचंय, आवरून ठिवा.”

“आत्ताच तर आलो की!”

“तुमी नेलं. ह्या आतल्यानं कुठं नेलंय अजून?”

मित्रांनो, मला काहीच कळेनासं झालं आहे. एवढंच सांगते, जुनी कॅसेट फेकू नका, उन्हात ठेवू नका, फीत गुंतली तर पेन्सिल घालून हळू फिरवा. आतला माणूस अजून निघायचा असतो.