दारावरच्या पाटीची दुसरी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारावर, एका खिळ्याला सुतळीने लटकते. सुतारकाम शिकवणाऱ्या सरांनी मोडक्या बाकाच्या फळीतून मला कापलं, पॉलिशपेपरने घासलं आणि दोन्ही बाजूंना अक्षरं रंगवली. एकीकडे ‘आत या’, दुसरीकडे ‘थांबा’.

‘आत या’ आता पार पुसट झालं आहे. ‘थांबा’ मात्र त्या दिवसापर्यंत कोरं करकरीत होतं, कारण बारा वर्षांत मला कुणी उलटवलंच नव्हतं. मुख्याध्यापिकांना आमच्याकडे मोठ्या बाई म्हणतात. “माझं दार सगळ्यांना उघडं,” असं त्या अभिमानाने सांगत. पाहुणे कौतुक करत आणि त्यातलं अर्धं कौतुक मी स्वतःकडे ठेवून घेई. माझ्या दुसऱ्या बाजूला कोळ्याने जाळं विणलं होतं, त्याची मला फिकीर नव्हती.

त्या दिवशी बारा वाजता एक शिंपीकाका येऊन बाहेरच्या बाकावर बसले. त्यांची मुलगी दहावीत होती. तिच्या परीक्षेच्या अर्जावर जन्ममहिना मार्चऐवजी ऑगस्ट पडला होता. चूक दुरुस्त केल्याचं मोठ्या बाईंच्या हातचं पत्र परीक्षा कार्यालयात द्यायचं होतं. शेवटचा दिवस तोच. तिथली खिडकी पाचला बंद होणार, आणि पत्र पोचलं नाही तर मुलीचं वर्ष वाया जाणार. कारकुनाने अर्ज सकाळीच बाईंच्या टेबलावर ठेवला होता.

शिंपीकाका उठले, तेवढ्यात टाकी दुरुस्त करणारा आला. “दोनच मिनिटं हं,” म्हणत तो आत शिरला. काका बसले. मग पुस्तकविक्रेता आला. मग रजा मागायला एक शिक्षक, मग एकमेकींच्या मुलांची तक्रार घेऊन दोन आया. प्रत्येकाची दोनच मिनिटं! समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, म्हणून सांगते, कुणाचीही पंधराच्या आत संपली नाहीत. काका सात वेळा उठले आणि सात वेळा बसले. बाक दाराच्या बाजूला भिंतीलगत होता. बाईंच्या खुर्चीतून तो दिसतच नसे.

चार वाजता मुलगी वर्गातून धावत आली.

“बाबा, झालं पत्र?”

“होईल गं. आत माणसं आहेत.”

“पाटीवर तर ‘आत या’ लिहिलंय.”

“ते लिहिलेलं असतं, बाळा.”

मित्रांनो, उन्हाने मला तडे गेलेत, पण ते वाक्य जेवढं लागलं तेवढं ऊन कधी लागलं नाही. मुलीने दार ढकललं. मीही दाराबरोबर आत गेले, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

आत शाळा समितीचे एक सदस्य चहा घेत बसले होते. “दोन मिनिटं थांब हं,” बाई सवयीने म्हणाल्या.

“बाई, पाचला खिडकी बंद होते.”

बाईंनी टेबलावरचा ढीग उपसला. अर्ज तळाशी सापडला, त्यावर कपाचा गोल डाग. त्यांनी शाळेचं नोंदणी पुस्तक उघडलं आणि पत्र लिहायला घेतलं. सदस्यांचं बोलणं चालूच होतं. “मंडपाचं सप्टेंबरमध्येच ठरवून टाकू, काय?” बाईंनी मान हलवली आणि पत्रात जन्ममहिना लिहिला, सप्टेंबर.

“बाई, मार्च,” मुलगी हळूच म्हणाली.

बाईंचा हात थांबला. त्यांनी मूळ अर्ज जवळ ओढला. तिथला ऑगस्टही त्यांच्याच अक्षरात होता. तो कसा आला असेल, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज उरली नाही. त्यांचा चेहरा उतरला.

“तुम्ही उद्या साडेअकराला या,” त्या सदस्यांना म्हणाल्या.

“अहो, माझं दोन मिनिटांत...”

“उद्या.”

सदस्य बाहेर पडले. बाई त्यांच्यामागे दारापर्यंत आल्या, जाळं हाताने पुसलं आणि मला उलटवलं. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

जन्मभर लटकत आले, पण जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चित्रकलेचे सर आले, मला वाचून बुचकळ्यात पडले आणि तरीही दार वाजवायला हात उचलला. शिपाईमामा आडवे आले. “पाटी वाचा, सर.”

“अहो, दोनच मिनिटं!”

“सकाळपासून दोनदोन मिनिटांनीच दिवस खाल्लाय.”

चार अडतीसला दार उघडलं. पत्र घेऊन बापलेक सायकलवर गेले. कार्यालय वीस मिनिटांवर. मी फक्त घड्याळ बघत राहिले. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. मग आत फोन वाजला आणि बाईंचा आवाज आला.

“घेतलं? शिक्का मारला? ... नाही गं बाळा, माझे कसले आभार मानतेस.”

बाई बाहेर आल्या आणि शिंपीकाका बसले होते त्याच जागी बराच वेळ बसून राहिल्या. तिथून त्यांची रिकामी खुर्ची दिसत नव्हती. दिसत होतं ते फक्त दार, आत जाणाऱ्यांच्या पाठी दिसतील एवढंच.

आता रोज दुपारी एक तास मी ‘थांबा’ म्हणते. बाक दारासमोर हलवला आहे. मला उलटवण्याआधी बाई बाहेर येतात आणि जो सगळ्यात गप्प बसला असेल त्याला विचारतात, “तुमचं काय होतं?”

मित्रांनो, मला पुन्हा रंग दिला नाहीत तरी चालेल. पण ‘दोनच मिनिटं’ म्हणून कुणाच्या दारात शिराल तेव्हा बाकाकडे एकदा बघून घ्या. तिथे कुणीतरी आठव्यांदा उठत असेल.