चुडामणच्या मायची बैठक

मित्रांनो, मला पाहताच तुम्ही म्हणाल, ही एक जुनी घडवंची आहे, माठ ठेवायची. चुकलात. मी मूर्तीची बैठक आहे. माठ ही माझी उतारवयातली नोकरी.

माझा जन्म अमळनेरच्या सुतारआळीतला, सन एकोणीसशे एकतीसचा. चुडामण सुताराने मोडक्या गाडीच्या बाभळी दांड्यांचे माझे पाय केले, कापसाच्या जिनातल्या खोक्याच्या फळ्या अंगाला ठोकल्या आणि रुईच्या गाठीची लोखंडी पट्टी कमरेला आवळली. हलू नये म्हणून पोटात बोरी नदीची वाळू भरली. हे सगळे कशासाठी? त्याने कडुलिंबाच्या खोडातून आपल्या वारलेल्या आईचा चेहरा कोरला होता. तो जळगावच्या प्रदर्शनात मांडायचा होता आणि बैठक ज्याची त्याने आणायची, असा तिथला नियम होता.

शेजारचा जीवराम आळीतला पंच. कोणाचे काय चुकले, हे त्याला तोंडपाठ; स्वतःचे तेवढे आठवत नसे.

"चुडामणभाऊ, इतली बुटकी कसी?" त्याने विचारले.

"मनी माय इतलीच व्हती," चुडामण म्हणाला. आईचे डोळे जिवंतपणी जिथे असत तिथेच यावेत, असे माझे माप होते.

मग चुडामण रोगण आणायला धुळ्याला गेला आणि इकडे श्रावणातला, आमच्या खानदेशी कानबाई देवीचा रविवार आला. घरातल्या चौरंगाचा एक पाय वर्षभर मोडलेला. घर सुताराचे ना! त्याच्या बायकोने, वच्छलाबाईने, इकडेतिकडे पाहिले आणि नथ-डोळे लावून सजवलेली नारळाची कानबाई माझ्यावर बसवली. रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी कानबाई बायकांच्या डोक्यावरून नदीला गेली. माझ्यावर उरला हळदीचा तळहाताएवढा डाग.

दुपारी चुडामण परतला. आईचा चेहरा माझ्यावर ठेवणार, तोच जीवराम आडवा आला.

"देवी बसनी तठे माणूसनं मुंडकं बसाडशी? आळीमा काही इपरीत व्हयनं त तुना माथे!"

चुडामणचा हात थांबला. जळगावची गाडी मंगळवारी सकाळची. नवी बैठक करायची तर सरस वाळायलाच दोन दिवस जाणार. बैठक नाही तर प्रदर्शन नाही, आणि आईला कोणी पाहणार नाही. त्याने माझ्यावर रंधा धरला, डाग काढायला. पण तोही चालवेना. देवीची हळद तासायची कशी? तो खाली बसला. माझे मत कोणी विचारले नव्हते.

वच्छलाबाई चुलीपुढून उठून आली.

"जीवरामभाऊ, मनी सासू बठ्ठी जिंदगी कानबाईले डोकावर लयी नदीवर गयी. तव्हय तुमले चालनं. आते तेच डोकं कानबाईनी जागावर बसनं, त काय बिघडनं?"

जीवराम वाद अर्धा सोडून घरी गेला. असे पहिल्यांदाच घडले.

जळगावात बक्षीस एका कोरीव पाळण्याला मिळाले. आमच्यापाशी थांबलेल्या दर दहा माणसांतल्या सहांनी मीच कशाची केली आहे, ते विचारले. पण चेहरा नीट पाहायचा तर माझ्या उंचीमुळे प्रत्येकाला वाकावे लागे. तिसऱ्या दिवशी जीवराम आला. काय विपरीत घडते ते पाहायला आला असावा. तोही वाकला. पाहत राहिला. मग त्याचे हात जुळले.

"काय जीवरामभाऊ?" मागून चुडामण म्हणाला.

"काही नई. टोपी नीट करी ऱ्हायनू," जीवराम म्हणाला. टोपी तर खुंटीवर अमळनेरलाच राहिली होती.

या गोष्टीला आता सोळा वर्षे झाली. आईचा चेहरा भिंतीतल्या कोनाड्यात गेला, माझ्यावर माठ आला, फळी पाण्याने काळी पडली. श्रावणातला कानबाईचा तेवढा एक रविवार माठ उतरतो. तेव्हा वच्छलाबाई मला पुसते, पण डाग सोडून.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे एखादे जुने लाकूड असेल. त्याला जरूर पुसा. मात्र डाग दिसला, तर घासण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, इथे कोण बसले होते?