दोन खुंट्यांची फळी

पहिला घाव तिसऱ्या फळीवर बसला. फळी तुटली नाही, म्हणून मिस्त्री आणखी भडकला. त्याने कुऱ्हाड उलटी धरली आणि बोथट बाजूने शेल्फच्या उभ्या दांड्यावर मारायला सुरुवात केली. चौथ्या फटक्याला दांड्याला चीर गेली, पाचव्याला तो मोडला, आणि चार महिन्यांची मेहनत भुशात आडवी झाली.

त्याची बायको कामाच्या टेबलामागे उभी होती. ती ओरडली नाही. ओरडलं की तो आपल्याकडे वळतो, हे अकरा वर्षांत तिला पुरतं कळलं होतं. आधी वस्तू आणि मग माणूस, असा त्याच्या रागाचा क्रम असायचा. वस्तूंवरच तो दमला तर तो दिवस निभावून जायचा. म्हणून ती गप्प उभी राहून फोडण्यासारखं अजून किती उरलंय ते बघत होती.

झालं होतं एवढंच, की तासाभरापूर्वी शहरातल्या मोठ्या फर्निचर शोरूमचा मालक येऊन गेला होता.

मिस्त्रीचा हात चांगला होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. जोड असा बसवायचा की नख शिरणार नाही. पण बापाने शिकवलेली पाच प्रकारची कपाटं, दोन प्रकारचे पलंग आणि एक टेबल, यापलीकडे त्याचं डोकं चालत नव्हतं. बायको खोकी बनवणाऱ्याची मुलगी. लहानपणापासून पुठ्ठा, कात्री आणि डिंक यांच्याशी तिची गट्टी. लग्नानंतर कारखान्यातल्या एका कोपऱ्यात बसून ती पुठ्ठ्याची वीतभर कपाटं आणि खुर्च्या करायची. मिस्त्रीला सुरुवातीला गंमत वाटली. "बाहुल्यांचं दुकान टाकतेस की काय," असं म्हणायचा. मग तिच्या एका पुठ्ठ्याच्या स्टुलावरून त्याने खरं स्टूल केलं. उलटं केलं की त्याची तीन पायऱ्यांची शिडी व्हायची. ते हातोहात खपलं. कुणी विचारलं की मिस्त्री सांगायचा, "सुचलं आपलं." तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वस्तू लोकांच्या घरात उभी राहिली, की ती खूश असायची.

हे शेल्फ मात्र वेगळंच प्रकरण होतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत, आणि दर वर्षी खोली बदलताना जड कपाट कोण उचलणार? ती महिनोन्‌महिने यावर विचार करत होती. उत्तर मिळालं सासूच्या खिडकीत. सासूने एक फळी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून तिचं बाहेरचं टोक आडव्या गजाखाली अडकवलं होतं आणि आतल्या टोकावर पाण्याचं भांडं ठेवलं होतं. भांडं जड, तरी फळी हलत नव्हती. उलट जितकं वजन, तितकी ती गजाला घट्ट दाबून बसायची.

त्यावरून तिने पुढे एक खुंटी आणि मागे थोडी वर दुसरी, अशा जोड्या असलेले दोन उभे सांगाडे केले. फळी पुढच्या खुंटीच्या वरून आणि मागच्या खुंटीच्या खालून सरकवायची. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. घर सोडताना फळ्या ओढून काढायच्या आणि काखेत मारून चालू लागायचं.

शोरूमवाल्याने फळीच्या पुढच्या कडेवर रंगाचे सहा भरलेले डबे रचून पाहिले. मग खाली वाकून, वर डोकावून शोध घेतला.

"मिस्त्री, हे एवढं वजन पेलतं कशाच्या जोरावर?"

"जोड चांगला आहे," मिस्त्री म्हणाला.

"अहो, पण जोड आहेच कुठे यात?"

मिस्त्री शेल्फकडे बघत राहिला. त्याने ते स्वतःच्या हाताने कापलं होतं, घासलं होतं, पण ते का उभं राहतं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. शांतता फार लांबली, तशी बायको न राहवून बोलली. वजन पुढे पडलं की मागचं टोक वर उठू बघतं आणि वरची खुंटी त्याला उठू देत नाही, असं तिने दोन वाक्यांत सांगितलं.

शोरूमवाला हसला. आपलं कार्ड त्याने तिच्या हातात दिलं. "मिस्त्री, डोकं तर घरातच आहे की तुमच्या. तुम्ही नुसते हात."

मिस्त्रीही हसला. पाहुण्याला गाडीपर्यंत सोडून आला. आत येऊन त्याने भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली.

शेल्फचा चुरा झाल्यावर तो कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खेळण्यांकडे वळला. एकेक उचलून त्याने टाचेखाली घेतलं. नवा पलंग, कोपऱ्यात बसणारं कपाट, भिंतीवर दुमडणारं टेबल. सात वर्षांचं काम होतं ते. तिथे तिला राहवलं नाही.

"ते नका हो," ती म्हणाली.

एवढं पुरलं. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी तिला आपला दात तुटल्याचा आवाज कवटीच्या आतून ऐकू आला. तोंड रक्ताने भरलं. तो बोलत नव्हता, फक्त श्वास घेत होता, लाकूड तासताना घ्यायचा तसा एका लयीत. त्याचं तिला सगळ्यात जास्त भय वाटलं.

त्याचा धाकटा भाऊ पलीकडे करवतीच्या मशीनवर प्लाय कापत होता. कानांवर आवाज रोखणारे पॅड होते, म्हणून त्याला काही ऐकू आलं नव्हतं. पट्टी घ्यायला वळला तेव्हा त्याने पाहिलं. मशीन चालूच सोडून तो धावला आणि त्याने भावाला मागून मिठी मारली.

"दादा, सोड. मरेल ती."

"तू मध्ये पडू नकोस."

"आजवर नाहीच पडलो ना."

मिस्त्री अंगाने दुप्पट. त्याने खांदा झटकला तरी धाकटा सुटेना, म्हणून त्याला ओढत मशीनपर्यंत नेलं आणि मागे फेकलं. धाकट्याने सावरायला डावा हात टेकला. करवतीचा आवाज क्षणभर जाड झाला आणि पुन्हा पहिल्यासारखा चालू झाला.

धाकट्याने हात वर करून पाहिला. तीन बोटं नव्हती. तो नवल वाटावं तसा हाताकडे पाहत राहिला आणि मग गुडघ्यांवर बसला.

सासू कारखान्यात उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने खांद्यावरचा ओला टॉवेल धाकट्याच्या हाताभोवती गच्च आवळला. बायकोने मशीन बंद केलं. मिस्त्री स्टुलावर बसला होता.

"मशीन बंद करून यायला नको?" तो म्हणाला. "किती वेळा सांगितलंय त्याला."

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, "हात घसरला."

"आणि यांच्या तोंडाला काय झालं?"

"पडली ती," सासू म्हणाली. इतकं सहज म्हणाली, की हे वाक्य तिच्या तोंडात चाळीस वर्षं मुरलं असावं.

बायकोने मूठ उघडली आणि तुटलेला दात डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. बोलताना तिच्या ओठांतून रक्त येत होतं. "मी पडले नाही. त्याचा हातही घसरला नाही. माझ्या नवऱ्याने केलं हे. लिहून घ्या."

संध्याकाळच्या आत पोलिसांनी मिस्त्रीला नेलं.

सासू तिच्याशी नऊ दिवस बोलली नाही. ताट वाढून पुढे सरकवायची आणि पाठ फिरवायची. सुनेने मुलगा घालवला, असं तिच्या पाठीवर लिहिल्यासारखं दिसायचं. सून खाली मान घालून जेवायची. उजव्या बाजूने चावता येत नव्हतं. रात्री ती दाराला आतून टेबल लावून झोपायची, तो कोठडीत आहे हे माहीत असूनही.

दहाव्या दिवशी सकाळी धाकटा शर्टाची बटणं लावत होता. बँडेजमधून बाहेर आलेला अंगठा आणि एक बोट, त्यांनी काही जमेना. चौथं बटण तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा सासूने पुढे होऊन ते लावलं, मग बाकीची लावली. आणि तशीच, त्याच्या शर्टाला धरून, सुनेशी बोलली.

"तुझा सासरा मला धुण्याच्या मोगरीने मारायचा. मोठा तेव्हा एवढासा होता, दारात उभा राहून बघायचा. मी त्याला म्हणायचे, जा रे, बाहेर खेळ." तिने शर्टाची कॉलर सरळ केली. "कुठे जाणार होता तो? जायचा नाही. बघतच राहायचा."

सून उठली आणि तिने सासूला चहा करून दिला.

कारखाना पुन्हा सुरू झाला. धाकट्याची मोठी अडचण ही, की कापताना डाव्या हाताने लाकूड धरता येत नव्हतं. "वहिनी, मी आता निम्मा सुतार," तो म्हणायचा. तिने त्याच्यासाठी टेबलाखाली पायाने दाबायचा दांडा बसवला. पाय दिला की वरून लाकडी जबडा खाली यायचा आणि फळीला आवळून धरायचा. पहिला दांडा दोन दिवसांत मोडला, दुसऱ्याने फळीवर वळ उठले. तिसऱ्याला तिने आतून जुन्या टायरचं रबर लावलं. धाकट्याने त्यावर एक खाच कापून पाहिली, फुंकर मारून भुसा उडवला आणि म्हणाला, "उरलेला निम्मा सापडला बघ." त्या दिवशी ती दोघं खूप हसली, आणि हसताना तिचा ओठ पुन्हा फाटला.

शोरूमवाल्याला तिने स्वतः फोन केला. त्याने बारा शेल्फ मागितली.

मिस्त्री दोन महिन्यांनी जामिनावर सुटला. घराच्या आसपास फिरकायचं नाही, अशी कोर्टाची अट होती. एका मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील, बाराही शेल्फ पॉलिश होऊन दाराजवळ उभी होती आणि टेम्पोची वाट पाहणं चाललं होतं. टेम्पोऐवजी मिस्त्री आला. हातात लोखंडी सळई होती.

त्याने पहिल्या शेल्फवर सळई घातली, मग दुसऱ्यावर. ताज्या पॉलिशचे तुकडे उडाले. धाकटा आडवा गेला तर सळई त्याच्या खांद्यावर बसली आणि तो भिंतीला घासत खाली आला. सासू उरलेल्या शेल्फांपुढे येऊन उभी राहिली.

"आई, बाजूला हो."

"नाही होणार."

"आई, मी सांगतोय."

"ऐकलं मी. बापासारखाच सांगतोस."

त्याने तिला ढकललं. म्हातारीचं वजन ते किती. ती फळ्यांच्या थप्पीवर जाऊन आदळली आणि पांढऱ्या केसांतून रक्ताची धार कानामागे उतरली.

बायकोच्या हाताला टेबलावरचा, फळ्या आवळून धरायचा हातभर लांब लोखंडी शिकंजा लागला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि नवऱ्याच्या सळईच्या हातावर, मनगटाच्या वर, सगळा जोर लावून मारला. हाड मोडल्याचं तिला हातात जाणवलं. सळई पडली. तो वाकला, तशी तिने त्याच्या पाठीवर दुसरा घाव घातला आणि तो तोंडावर पडला. तिसऱ्या वेळी तिने शिकंजा डोक्याच्या वर नेला. खाली त्याची मान उघडी होती. अकरा वर्षांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. तरी शिकंजा बाजूला ठेवायला हात तयार होईनात.

"पुरे," सासू फळ्यांवरून म्हणाली. "मेला तर मी कोर्टात कुणासमोर बोलू? मला त्याच्यासमोर बोलायचंय."

बायकोने शिकंजा सावकाश टेबलावर ठेवला. मग तिने आपला पदर सासूच्या डोक्यावरच्या जखमेवर दाबून धरला.

सासू कोर्टात बोलली. डोक्यावर सात टाक्यांची खूण होती. वकिलाने विचारलं, आजी, मुलाविरुद्ध सांगायला तुम्हाला कुणी भाग पाडलं का? ती म्हणाली, "गप्प बसायला भाग पाडलं होतं, बाबा. बोलायला कुणी नाही." मग तिने दोन्ही दिवस जसे घडले तसे सांगितले, आणि त्याआधीचेही पुष्कळ. मिस्त्री मान वर करून एकदाही तिच्याकडे बघू शकला नाही. त्याला पाच वर्षांची सजा झाली.

शेल्फ आता दुकानात असतं. डिझाइनच्या नोंदणीत सुनेचं नाव आहे. धाकट्याचा हात थंडीत ठणकतो. सुनेला मागून कुणी अचानक आलं तर ती अजूनही टेबलाची कड धरते, आणि धाकटा आत येताना दारातूनच "वहिनी, मी आलोय" असं म्हणतो.

वर्षभराने सासू एका सकाळी तुरुंगात जाऊन आली. कुणाला सांगून गेली नव्हती. परत आल्यावर तिने पाय धुतले आणि ती सून काम करत होती तिथे येऊन बसली. सून एका गोल कपाटाच्या दाराला बिजागरी बसवून बघत होती.

"विचारत होता, शेल्फ खपतात का."

"काय सांगितलंत?"

"खपतात म्हटलं. मग रडला. बराच वेळ रडला."

सुनेने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "पुन्हा जाणार आहात?"

"जाईन. पोर आहे माझं." म्हातारीने मांडीवरचा भुसा झटकला. "पण घरी आणणार नाही."

सुनेने मान डोलावली आणि कपाटाचं दार तिच्याकडे सरकवलं. सासूने ते दोन्ही हातांनी उभं धरलं, आणि सुनेने बिजागरीचा पहिला स्क्रू पिळला.