थांबते कशी ते दाखवा

शिवणबाईंचं कापड बेतायचं टेबल सासऱ्यांच्या उंचीनुसार केलेलं होतं, आणि सासरे होते ताडमाड. वीस वर्षं बाई टाचा उंचावून कात्री चालवत आल्या. शेवटी कमरेनं संप पुकारला. डॉक्टरांनी दवाखान्यात अनवाणी उभं करून माप घेतलं आणि म्हणाले, "टेबल चार इंच उतरवा, नाहीतर काम सोडा."

खिडकीपर्यंत चढलेला गणवेशांचा निळा ढीग बाईंकडे बघत होता. काम सोडणं म्हणजे श्वास सोडणं. टेबलच उतरवायचं ठरलं.

तसा सख्खा भाऊ सुतार. पण "उद्या येतो" म्हणाला होता, तो उद्या आता तीन वर्षांचा झाला होता. एव्हाना चालायला, बोलायला लागला असेल; यायला मात्र तयार नव्हता.

"मीच करवत आणते. विजेवरची," बाई म्हणाल्या. "घासणारं दार, वाकलेली फळी, सगळंच मार्गी लागेल."

नवरा निवृत्त ग्रंथपाल. त्यानं पुस्तक मिटलं, खूण ठेवायलाही विसरला. तरुणपणी त्याच्या फाटक्या बाहीवरून बाईंची बोटं अशी काही धावली होती, की नंतर त्यानं मुद्दाम तीन सदरे फाडले होते.

"अगं, बोटं गेली तर?"

"आणि कंबर गेली तर?"

त्यानं चिठ्ठी घेतली आणि दुकानात विचारायचे प्रश्न लिहायला बसला.

दुकानात सल्ला द्यायला भाऊ मात्र वेळेआधी हजर. दुकानदारानं गोल पात्याच्या तीन करवती मांडल्या आणि सगळ्यात थोरली पुढे सरकवली.

"ही घ्या ताई. लोण्यासारखं कापते."

"काय कापते?"

"सगळंच!"

नवऱ्यानं दोन्ही हात खिशात घातले.

"आणि चिमणे, हे पात्यावरचं झाकण आहे ना," भाऊ म्हणाला, "ते नुसतं मध्ये मध्ये करतं. आम्ही पहिल्याच दिवशी दोरीनं वर बांधून टाकतो. अडतीस वर्षं झाली, काही बिघडलं नाही."

"दादा, जरा दहापर्यंत मोज. बोटांवर."

भावानं मोजायला घेतलं. नवावर आल्यावर त्याला एकाएकी दुकानाचं छत फार आवडलं.

नवऱ्यानं चिठ्ठी काढून विचारायला सुरुवात केली. वजन किती? हमी किती वर्षांची? पाती सहज मिळतात का? बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

"मीच करतो, मागच्या खोलीत," दुकानदार म्हणाला. "चालते कशी, दाखवू?"

"चालते कशी ते नका दाखवू. थांबते कशी ते दाखवा," बाई म्हणाल्या.

शिवणयंत्रही त्यांनी असंच पारखून घेतलं होतं. पाय उचलला की चाक लगेच गप्प बसलं पाहिजे. थांबण्याचं माप म्हणजे त्यांचं स्वतःचं गाणं. दुकानदारानं थोरली चालवून बटण सोडलं आणि बाई गुणगुणू लागल्या:

*सुईबाई, सुईबाई, चाल सरळ वाटेनं,*
*दहा लेकी माझ्या हाती, नांदू दे गं थाटानं.*

गाणं संपलं. पातं अजून गरगरतच होतं.

"हिच्यात माझ्या निम्म्या लेकी जातील. पुढची."

मधली "दहा लेकी"पर्यंत घुमली. तिसरी धाकटी, रंगानं साधी. अंगठ्यानं एक कळ दाबून धरल्याशिवाय तिचं बटणच दाबलं जाईना. बटण सोडताच "सुईबा—" म्हणेपर्यंत पातं जागच्या जागी, झाकणही आपसूक खाली.

"ताई, ती शिकाऊ लोकांची आहे हो."

"मग माझीच. कापड शिकून झालं, आता लाकूड शिकते."

घरी टेबल आडवं पाडलं, शिकंज्यानं जखडलं. बाईंनी चारही पायांवर खडूनं खूण केली. भावानं टेप लावली आणि तो हसत सुटला.

"तीनच इंच? चार सांगितलेत ना?"

"एक इंच शिलाईला सोडलाय."

"लाकडाला कसली शिलाई? दुमडणार कुठे तू ते? दाजी, ऐकलंत का?"

दाजी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते. भावाचा हात सवयीनं खिशातल्या दोरीकडे गेला, दोरी झाकणाला लागलीसुद्धा. बाईंनी कात्री घेतली. कच्च. दोरीचे दोन तुकडे झाले.

"तुझी नऊ तू सांभाळ, दादा."

चष्मा लावून, दोन्ही हातांनी दोन्ही मुठी धरून त्यांनी करवत चालवली. एकेक पाय उतरला, भुसा उडाला, आणि चौथ्यानंतर "सुईबा—" म्हणायच्या आत खोलीत शांतता पसरली. टेबल उभं केलं. घरातल्या चपला पायात सरकवून बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. टाचा जमिनीवर, कोपर अगदी जागेवर.

"डॉक्टरांनी माप अनवाणी घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उभी राहते चपलांवर. चार इंच कापले असते तर वाकून वाकून मेले असते."

भाऊ पुन्हा छताकडे पाहू लागला.

भिंतीकडे तोंड करून उभा असलेला नवरा आता वळला. डोळे अजून घट्ट मिटलेले. चाचपडत त्यानं बायकोचे हात हातात घेतले आणि एकेक बोट मोजत गेला. मग दचकला.

"अकरा!"

"अहो, त्यात एक तुमचं आहे."

तो बोट काढून घेऊ लागला, तर बाईंनी ते मुठीत धरून ठेवलं.

"राहू दे. शिलाईला एक जास्तीचं हवंच."