एक जानेवारीचे तीन फोटो

माझ्या कॅमेऱ्यात वर्षातून पन्नास-साठ वेळा एक जानेवारी उजाडायची. सन नेहमी तेच, दोन हजार एक. कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळासाठी शर्टाच्या बटनाएवढी एक बॅटरी असते, ती मेली होती. त्यामुळे मोठी बॅटरी बदलली की कॅमेरा तारीख-वेळ सगळं विसरायचा. मग पाच बटनं दाबून त्याला आजची तारीख शिकवावी लागे. मी कधी लावायचो, कधी नाही. गोंडपिपरीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याला काय फरक पडतो? नवरा-नवरीला आपलं लग्न कधी झालं ते ठाऊक असतं.

कॅमेरा प्रेसवाल्यांचा, मोठा, दोन हजार चार साली नागपूरहून जुनाच घेतलेला. तालुक्यात तसला दुसरा नव्हता आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. चार वर्षांत त्याची रया गेली. पकडायच्या जागचं रबर निघालं, तिथं मी काळी चिकटपट्टी गुंडाळली. वीस-पंचवीस फोटोंनंतर शटर अडकायचं, मग तळहातानं एक थाप मारायची. माझी बायको जैनब म्हणायची, "कॅमेरा है के बूढ़ा ससुर? दिनभर पीठ थपको उसकी."

पोलीस ठाण्याचं कामही माझ्याकडेच होतं. विहिरीतलं प्रेत, झाडाला लटकलेलं, वाघानं धरलेलं. पंचनाम्याला फोटो लागायचे आणि शिपाई दुकानासमोर येऊन मोटारसायकलचा हॉर्न वाजवायचा. मी जायचो, काढायचो, घरी येऊन अंघोळ करायचो आणि जेवायचो. सवय होते माणसाला.

पुनमची मात्र झाली नाही. तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. मुखरू आणि रंभाची ती एकुलती एक पोर. बाप धानाचा शेतकरी, हाताला जड, बोलायला हळू. पुनमचे पुढचे दात जरासे बाहेर होते. मांडवात येऊन ती मला हळूच म्हणाली, "काका, माये दात दिसू देऊ नोका." दोनशे फोटोंत ती ओठ मिटून बसली. एकात हसली, तोच सगळ्यात चांगला आला.

सव्वा वर्षानं, ऑगस्टात, हॉर्न वाजला. तिच्या सासरच्या घरामागे विहीर होती. तिचा नवरा प्रफुल ओट्यावर बसून होता. पाय घसरून पडली, असं घरचे सांगत होते. विहिरीला हातभर उंच काठ होता. त्यावरून पाय कसा घसरतो, हे मी मनातच ठेवलं.

मी बारा फोटो काढले. विहीर, दोर, खाटेवरची पुनम, तिचा चेहरा. ओठ उघडे होते, दात दिसत होते. तेवढ्यात बॅटरी संपली. मी खिशातली दुसरी घातली, आणि तेवढ्यात मुखरू आला. खाटेशी उकिडवा बसला आणि लेकीच्या मानेवरचा पदर त्यानं बाजूला केला. मंगळसूत्र सासरच्या बायांनी आधीच काढून घेतलं होतं. मोकळ्या मानेवर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक, असे निळे-काळे डाग होते.

"भाऊ, हे पाह्य," तो म्हणाला. "याचा काढ."

मी तीन काढले. डाग स्वच्छ यावेत म्हणून इतका जवळ गेलो की चेहरा चौकटीबाहेर राहिला. तारीख लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आम्ही निघेपर्यंत वाटेतल्या नाल्याला पूर आला. प्रेत तालुक्याला पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर अंग फुगून काळवंडलं. मानेवरच्या खुणा स्पष्ट नाहीत, असं डॉक्टरांनी लिहिलं, आणि त्यांच्यासमोर जे होतं त्याप्रमाणे ते खरंच होतं. म्हणजे पाच बोटं आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या तीन फोटोंत. प्रिंटा चंद्रपूरच्या लॅबमधून काढल्या. तिथं कॅमेऱ्यातली तारीख फोटोच्या कोपऱ्यात छापून यायची. बारा फोटोंवर नऊ ऑगस्ट दोन हजार सहा आणि तीन फोटोंवर एक जानेवारी दोन हजार एक. मी पाकीट न उघडता ठाण्यात दिलं. कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं.

केस उभी राहायला दोन वर्षं लागली. एक दिवस शिपाई समन्स घेऊन दुकानात आला. "फोटोवरून लफडं चालू हाय. कॅमेरा संग आनजो, कोर्टाले पाहाचा हाय म्हनते." कसलं लफडं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मुखरू आला. दोन वर्षांत म्हातारा झाला होता. काउंटरवरच्या कॅमेऱ्याच्या चिकटपट्टीवरून त्यानं अंगठा फिरवला.

"भाऊ, त्या तीन फोटोवरच सारं हाय. असा फाटका नोको नेऊ गा. चांगला करून ने. सायेब लोक आंधी चीज पाह्यते, मंग मानूस."

मला ते पटलं. वकील तो खटारा हातात धरून दाखवील, म्हणेल याच्यातून काय खरं येणार, आणि कोर्ट हसेल, असंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. जैनबचं म्हणणं, बदलूनच टाका. चंद्रपूरचा दुकानदार जुना घेऊन नवा द्यायला तयार होता, आणि पुढे होणाऱ्या सगळ्या लग्नांच्या कमाईचा हिशेब तिनं मांडून ठेवला होता. पण मी डोकं चालवलं. नवा नेला तर म्हणतील, फोटो काढले तो कॅमेरा हा नव्हे. पुनमसाठी तोच कॅमेरा पाहिजे. बदलायचा नाही, दुरुस्त करायचा. आयुष्यात एवढा विचार करून मी दुसरा कुठलाच निर्णय घेतलेला नाही.

चंद्रपूरला रईस नावाचा कारागीर होता, मोबाईलच्या दुकानात एका कोपऱ्यात टेबल टाकून बसायचा. त्यानं शटर बदललं, रबर बसवलं, काच आतून पुसली. मग भिंगातून पाहत म्हणाला, "शफीभाई, घड्याळाची बॅटरी बी मेली हाय. नवी टाकू का?"

"टाक," मी म्हणालो. "आता केलंच आहे तर सगळंच कर."

रसीद त्यानं कधी कुणाला दिली नाही, मीही मागितली नाही. मेलेली बॅटरी त्यानं रस्त्यावर फेकली.

कोर्टात सरकारी वकिलांच्या हातात त्या दिवशी चार केसेस होत्या. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, कॅमेरा एकदम ठीक करून आणला." ते कागद चाळत होते. "बरं, बरं," म्हणाले. पाठोपाठ माझं नाव पुकारलं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की वाद कशावर आहे. प्रफुलचा वकील म्हणत होता, ही मान पुनमची नाहीच. हा माणूस पोलिसांसाठी शेकडो प्रेतांचे फोटो काढतो, त्यातली पाच वर्षांपूर्वीची, याच्या आधीच्या कॅमेऱ्यातली कुणाची तरी मान इथं आणून चिकटवली. तारीख बघा.

मागून मुखरू उभा राहिला. "सायेब, माया पोरीची मान मी नाई ओळखीन का?" त्याला खाली बसवलं.

सरकारी वकील शांत होते. त्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. "या कॅमेऱ्याची बॅटरी काढून पुन्हा घातली की काय होतं?" त्यांनी मला विचारलं.

"तारीख जाते, सर. एक जानेवारी दोन हजार एक होते."

"साहेबांना करून दाखवा."

माझा अंगठा झाकणावर होता आणि तिथंच थांबला. "सर, पण आता..." मी बोलायला लागलो.

"करून दाखवा," ते म्हणाले.

मी बॅटरी काढली. घातली. प्रफुलचा वकील माझ्या खांद्याशी येऊन उभा होता, त्यानंच पडद्यावरची तारीख मोठ्यानं वाचली. त्या दिवसाचीच होती. मिनिटसुद्धा बरोबर होतं.

मी सांगितलं की परवाच दुरुस्त केला. कुणाला विचारून, प्रफुलच्या वकिलानं विचारलं. रसीद कुठं आहे? जुना भाग कुठं आहे? मूळ कार्ड? माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढच्या तारखेला रईस येऊन खरं ते सांगून गेला, पण तो माझा ओळखीचा, त्याच्या शब्दाला कोण विचारतो. तीन फोटो बाजूला पडले आणि फोटोंशिवाय विहिरीचा काठ काही बोलत नाही. चार महिन्यांनी प्रफुल सुटला.

निकालाच्या दिवशी मुखरू आणि मी एकाच एसटीत बसलो. रंभा घरीच होती, तिला अजून कळायचं होतं. मला वाटत होतं, यानं माझी गचांडी धरावी, चार लोकांत शिव्या द्याव्यात. माझी तीच लायकी होती.

अर्ध्या रस्त्यात त्यानं माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. "भाऊ, पयले होता तसाच नेला असता, त एक जानेवारीच पडली असती ना गा?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मंग मीच मारलो तिले," तो म्हणाला. "चांगला करून ने, मीच त म्हनलो होतो तुले."

मी त्याला नाही म्हणालो, पुन्हापुन्हा नाही म्हणालो, त्याचा हात धरला. तो ऐकत नव्हता. गोंडपिपरी आल्यावर तो उतरला आणि रंभाला सांगायला गावच्या रस्त्यानं चालू लागला.