मापाचा ब्लाउज

शाझिया मॅडमचं सगळं सांगणं तेजलला तोंडपाठ होतं. वाढतं वय आहे, घाई नको. तीन वेळा नीट जेवण, फरसाण आणि थंड पेयं बंद, रोज पाऊण तास चालणं. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. "आणि पोरीला वजनावरून टोचायचं नाही," कॉलेज रोडच्या त्या आहारतज्ज्ञ बाईंनी शेवटी बजावलं, तेव्हा तेजलने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

तिच्या डोक्यात मनमाडचं लग्न होतं. भाचा शेखर अडीच महिन्यांनी बोहल्यावर चढणार होता आणि पंधरा वर्षांची लेक हर्षाली तिथे पहिल्यांदाच साडी नेसणार होती. सगळा गोतावळा बघणार! तेजलने ट्रंकेच्या तळातून स्वतःच्या साखरपुड्यातला ब्लाउज काढला आणि भद्रकालीतल्या निसारभाई टेलरांपुढे ठेवला.

"हा मापाचा. अगदी असाच शिवा, या जांभळ्या कापडात."

निसारभाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "ताई, पोरगी इतकी बारीक नाय. तिचंच माप घेऊ की."

"होईल बारीक. रोज समोर दिसला की हुरूप येईल."

"अंगाचं माप सोडून शिवलेला कपडा बरा नसतो," ते पुटपुटले. पण गिऱ्हाइकाशी हुज्जत कोण घालणार? दिला शिवून.

ब्लाउज जेवणाच्या टेबलासमोर खिळ्याला टांगला गेला. हर्षालीने पहिल्या दिवशी घालून पाहिला, तर हुक चार बोटं लांब राहिले. "आई, हा तर बाहुलीचा!" म्हणत ती खो खो हसली.

महिन्याभरात दीड किलो उतरलं. शाझिया मॅडमनी पाठ थोपटली. पोरगी नाचत घरी आली, ब्लाउज घातला, तरी हुक चार बोटं लांबच. "अजून थोडं," तेजल म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्या रात्रीपासून हर्षालीची एक पोळी कमी झाली. मग दुसरी. पुढच्या खेपेला काटा पाहून मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "एका महिन्यात सहा किलो? ही जेवते ना?"

"जेवते की," तेजल म्हणाली. मनातून ती सुखावली होती, हे कबूल करायला हवं.

घरी पुन्हा ब्लाउज. पुन्हा चार बोटं, ना कमी ना जास्त.

मग तेजलला जाणवू लागलं. पंखा लावला की शेजारचं कॅलेंडर फडफडे, ब्लाउज मात्र हलत नसे. त्याचे खांदे ताठ असत, श्वास रोखून धरल्यासारखे. एका दुपारी हर्षालीने आपलं ताट उचलून त्याच्याखाली नेऊन ठेवलं.

"हे काय गं?"

"तिला भूक लागलीय."

"कुणाला?"

"ती म्हणते, मीसुद्धा काही खाल्लं नव्हतं." हर्षालीचे डोळे खोल गेले होते. तेजलने ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

दोन्ही ब्लाउज पिशवीत कोंबून ती भद्रकालीत गेली. निसारभाईंनी टेप लावली. जुना तीस इंच भरला, नवा सव्वीस.

"धुतला का?"

"पाणीसुद्धा लागलं नाही हो."

त्यांनी शिलाई उलटून पाहिली. "टाके माझेच हायेत, एकही हललेला नाय." मग जुना ब्लाउज हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "हा घातला तेव्हा तुम्ही आजारी होता का, ताई?"

तेजलला रडूच फुटलं. वीस वर्षांपूर्वी दोन स्थळांनी 'जाड आहे' म्हणून नकार कळवला, तेव्हा आईने महिनाभर तिला एकवेळच जेवायला वाढलं होतं. साखरपुड्यात फोटोला हसताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. कशी छान बारीक झाली, असं सगळे म्हणाले. जेवलीस का, असं कुणीच विचारलं नाही. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हे इथं नको," निसारभाई पिशवी परत देत म्हणाले. "उसवून टाका. त्याआधी पोरीला जेवू घाला."

घरी येऊन तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि वरणभाताचा कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. मागे वळली तर दारात हर्षाली उभी होती. अंगात जांभळा ब्लाउज, सगळे हुक लागलेले.

"बसला, आई," ती म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते.

हुक निघेनात. तेजलने कात्री घेऊन पाठीवरून ब्लाउज खालपर्यंत कापला. कापड जमिनीवर पडलं, तशी हर्षालीने आवाज करत मोठा श्वास घेतला. तेजलने तिला शाल गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि शाझिया मॅडमना फोन लावला. "तशीच घेऊन या, आत्ता," मॅडम म्हणाल्या. "चार घास खात असेल तर भरवा."

तिने फोन ठेवला, आणि मागून आवाज आला, "आई, भूक लागलीय."

हर्षाली तर डोळे मिटून बसली होती, तिचे ओठ हललेही नव्हते. आवाज एका तरुण मुलीचा होता. वीस वर्षांनी ऐकला तरी तेजलने तो ओळखला. तो तिचाच होता.

तिने ताटं घेतली. एक हर्षालीपुढे ठेवलं, एक स्वतःला घेतलं आणि तिसरं रिकाम्या खुर्चीपुढे. वरण वाढलं, वर तूप सोडलं. हर्षालीने डोळे उघडून तिसऱ्या ताटाकडे पाहिलं आणि पहिला घास उचलला.

"पोटभर जेव गं," तेजल त्या खुर्चीला म्हणाली. "आता तुला कुणी बघायला येणार नाहीये."